रायला दोनशे केळी

थोंगइनच्या हातून जी चूक झाली ती कृतज्ञतेपोटी झाली, त्यामुळे तिच्याबद्दल त्याला कुणी धड ओरडूही शकत नव्हतं. राखणदार म्हणून ज्या जागेवर तो राहत होता तिचा एक तुकडा त्याने जत्रेला देऊन टाकला. मालकांना न विचारता, पण मालकांच्या नावाने, विहाराच्या लाऊडस्पीकरवरून जाहीर करून.

जागा बँकॉकमधली. बारा राय, म्हणजे पाच एकरांपेक्षा थोडी कमी. तीन बाजूंना तीस-तीस मजली इमारती, चौथ्या बाजूला कालवा, आणि मध्ये केळीच केळी. एवढ्या मोलाच्या जमिनीवर केळी कोण लावतं, असं विचारायचे दिवस आता गेले. मोकळ्या जागेवर जबर कर बसू लागला आणि शेतीवर अगदी किरकोळ, तेव्हापासून शहरातल्या बड्या मंडळींना शेतीची अशी काही गोडी लागली की विचारू नका. नियम साधा होता. केळीचं शेत म्हणवून घ्यायचं तर रायला दोनशे खुंट उभे हवेत. भरले तर शेत, नाही भरले तर पडीक जमीन, आणि पडीक जमिनीचा कर शेताच्या आठ-नऊ पट.

ही जागा ज्यांची, ते खुन पिसान, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पिसानसाहेब, दोनदा मंत्री होऊन गेले होते. पाच वर्षांपूर्वी ते वारले. मागे त्यांची पत्नी खुनयिंग ओरसा (खुनयिंग म्हणजे बाईसाहेब), खासदार मुलगा आणि पुढच्या निवडणुकीला उभी राहणारी सून. त्यांच्यापैकी कुणीही इथलं केळं कधी चाखलं नव्हतं. ते सगळं थोंगइन आणि त्याची बायको सम्रुआय यांच्या वाट्याला यायचं. ती केळी पिठात घोळून तळायची आणि रस्त्याच्या कडेला विकायची. केळीबनातच पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. भाडं नाही, वीज मालकांची, वर महिन्याचा पगार. थोंगइन सुरिनकडच्या कोरडवाहू गावातला. त्याला एवढी ओल आणि एवढी सावली जन्मात मिळाली नव्हती.

पण त्याची कृतज्ञता या सावलीपुरती नव्हती. आठ वर्षांपूर्वी सम्रुआयच्या हृदयाची झडप निकामी झाली. दोन पावलं चालली तरी धाप लागायची, ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि थोंगइन साहेबांपुढे जाऊन रडला. खुन पिसान म्हणाले, बघतो. तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं. बिल किती, कुठे भरायचं, यातलं एक अक्षर त्याच्या कानावर आलं नाही. साहेबांनी भरलं, हे उघडच होतं. विचारायला तो गेला नाही. दिलेल्या देणगीची किंमत विचारायची नसते, एवढी रीत त्याला कळत होती. तेव्हापासून पिकलेल्या पहिल्या घडातली पहिली फणी साहेबांच्या फोटोपुढे ठेवल्याशिवाय त्याने केळं तोंडात घातलं नव्हतं.

तर झालं असं. कार्तिकातल्या पौर्णिमेला तिकडे पाण्यात दिवे सोडतात. केळीच्या खुंटाची चकती कापायची, तिच्यावर पानांचा द्रोण बसवायचा, त्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती, आणि तो पाण्यात सोडायचा. त्या वर्षी विहाराच्या घाटाचं काम अर्धवट पडलं होतं. विहाराचे थोरले भिक्खू थोंगइनला म्हणाले की दिवे सोडायला लोकांनी जायचं कुठे, आणि एवढे खुंट आणायचे कुठून. थोंगइनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कालव्याकाठची दोन राय मोकळी केली तर घाटही होईल आणि खुंटही मिळतील. आणि हे सगळं पुण्य साहेबांच्या खात्यावर जाईल. मेलेल्या माणसाला आणखी काय देता येतं?

त्याने स्वतः कोयता चालवला. चारशेच्या वर खुंट पाडले. परिसरातल्या शाळेच्या मुलींनी त्यांच्या चकत्या केल्या, कंदांवरून चालून चालून लोकांनी कंदातून फुटणारे कोवळे मुनवेसुद्धा तुडवून टाकले. लाऊडस्पीकरवर खुन पिसानांचं नाव तीनदा घेतलं गेलं. त्या संध्याकाळी कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांनी भरला होता आणि थोंगइन काठावर उभा राहून डोळे पुसत होता. सम्रुआयने त्याला कोपराने ढोसून म्हटलं, "म्हाताऱ्या, साहेब वरून बघत असतील तर म्हणतील, याला रडायलाच ठेवलाय काय पगारावर."

सोमवारी पत्र आलं. जिल्हा कार्यालयाचा माणूस गुरुवारी केळी मोजायला येणार होता.

मंगळवारी सकाळीच खुन मोंकोल हजर झाले. घराण्याच्या सगळ्या जमिनींचं ते बघत. अंगाने सडपातळ, बोलायला मऊ, बुटाला चिखल लागू नये म्हणून पाय उचलून टाकणारे. कालव्याकाठची उघडी जमीन बघितली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. थोंगइनने हात जोडून सगळं सांगितलं. पुण्याचं सांगितलं, लाऊडस्पीकरचंही सांगितलं. मोंकोलांनी बुटाचा चिखल गवताला पुसला. मग म्हणाले की पुण्याला कर नसतो, पण दोन राय पडीक जमिनीला असतो, आणि तो किती हे तुला सांगितलं तर तुझ्याही हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल.

दुपारी ट्रक आला. नोन्थाबुरीकडच्या कुठल्याशा बागेतून तोडून आणलेले चारशे खुंट त्यात होते, पानांसकट, पण मुळाशिवाय. मजुरांनी खड्डे मारले, खुंट उभे केले, माती दाबली, वरून पाणी मारलं. दिवस मावळायच्या आत कालव्याकाठी पुन्हा केळीचं बन उभं राहिलं. लांबून कुणी म्हणालं नसतं की यांच्याखाली काही नाही.

"तुला काही करायचं नाही," मोंकोल जाताना म्हणाले. "मोजायला येणाऱ्या बाई विचारतील, केव्हा लावली. तू म्हणायचं, जुलैत. झालं. आणि हे नीट झालं नाही ना थोंगइन, तर मला ही जागा एखाद्या कंपनीला चालवायला द्यावी लागेल. त्यांचे राखणदार त्यांचे असतात."

हे धमकीच्या सुरात नव्हतं, हवामान सांगावं तसं होतं. थोंगइनला वाईटही वाटलं नाही. एक शब्द बोलायचा होता फक्त. ज्या माणसाने आपली बायको आपल्याला परत दिली त्याच्यासाठी हजार खोटे शब्द बोलायची त्याची तयारी होती. त्या रात्री तो गाढ झोपला.

बुधवारी सम्रुआयची सहामाही तपासणी होती. सरकारी इस्पितळ, लांबलचक रांग, नेहमीचंच. पण या खेपेला डॉक्टर नवा होता आणि त्याला ऑपरेशनचे जुने कागद हवे होते. ते आणायला थोंगइन खिडकीवर गेला. खिडकीतल्या बाईने खटाखट बटणं दाबली, दोन पानं छापून काढली आणि त्याच्यापुढे सरकवली.

तो वाचायला हळू होता, पण आकडे त्याला चटकन दिसत. रुग्णाने भरलेली रक्कम, पुढे शून्य.

त्याने पान परत सरकवलं. इथे काहीतरी चुकलंय म्हणाला. पैसे खुन पिसान यांनी भरले होते, मंत्री होते ते.

"इथे कुणाचं नाव नाही, लुंग," बाई म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला काका म्हणावं तसं, पण कंटाळलेल्या आवाजात. "सोनेरी कार्डावर झालंय हे. सरकारी योजना. कुणी एक छदामसुद्धा दिलेला नाही."

"मग कुणी दिले?"

"सरकारने."

"सरकारने म्हणजे कुणी?"

मागच्या माणसाने घसा खाकरला. बाईने चष्मा वर केला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, सरकारकडे कुठून येणार, लोकांकडूनच. माझ्या पगारातून कापून घेतात. बाहेर ती उसाचा रस विकते ती साबण आणते, तेल आणते, त्यात कर असतो. तुम्हीही दिलेत की लुंग, तुमच्या बायकोने तळणीचं तेल आणलं तेव्हा. मग तिने दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. चिठ्ठी दिली चार तारखेला, ऑपरेशन तेवीस तारखेला. "त्या वर्षी वर्ष-वर्ष रांग होती झडपेला," ती म्हणाली. "नशीबवान आहात."

थोंगइनला तिचे आभार मानायचंही सुचलं नाही. कागद घेऊन तो बाकावर येऊन बसला. सम्रुआयने त्याचा चेहरा बघितला. तिला वाटलं डॉक्टरने काही वाईट सांगितलं. त्याने तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे आठ वर्षं मी चुकीच्या फोटोला केळी वाहिली?" तो म्हणाला.

"चुकीच्या कशाला," ती म्हणाली. "फोटो थोडे कमी पडले एवढंच."

दुपारी तिला घरी सोडून तो खुनयिंग ओरसांकडे गेला. बोलावल्याशिवाय तो त्या घरी आठ वर्षांत गेला नव्हता. चपला बाहेर काढून पडवीत खाली बसला. खुनयिंग पंचाहत्तरीच्या होत्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात चाफ्याच्या फुलांचा गजरा गुंफायचं काम चालू. त्यांनी त्याच्यासाठी बर्फाचं पाणी आणायला सांगितलं, सम्रुआयची चौकशी केली. चौकशी मनापासूनची होती. वाईट माणसं असती तर थोंगइनचं काम सोपं झालं असतं.

त्याने कागद दाखवला नाही. नुसतं विचारलं, साहेबांनी त्या वेळी काय केलं होतं.

"फोन केला होता," खुनयिंग म्हणाल्या. "तिथल्या मोठ्या डॉक्टरांना. पैशांचं काय? पैसे लागतच नव्हते ना." त्या किंचित हसल्या. "तुला काय वाटत होतं?"

त्याने खाली बघत मान हलवली. त्या माणसाने हे कधीच सांगितलं नव्हतं की मी पैसे भरले. खोटं कुणीच बोललं नव्हतं. एवढंच की थोंगइन साष्टांग घालत असताना, अरे उठ, असं काही नाही, हेही कुणी म्हटलं नव्हतं.

"तेवीस तारखेला ज्याचा नंबर होता," तो म्हणाला, "त्याचं काय झालं असेल, खुनयिंग?"

त्यांची सुई थांबली. "ते मी कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या म्हणाल्या ते खरं होतं हे त्याला कळलं.

मग त्याने कालव्याकाठच्या खुंटांचं काढलं. ते खोटं आहे, उद्या मला ते खरं म्हणायला सांगितलंय. खुनयिंगनी गजरा मांडीवर ठेवला.

"हे बघ थोंगइन. आम्ही कधी कायदा मोडला नाही. कायदा म्हणतो दोनशे केळी, आम्ही दोनशे लावतो. कायद्याने दोनशे बदकं म्हटली असती तर बदकं पाळली असती. तो कायदा झाला तेव्हा समितीत हे स्वतः होते. मी विचारलंही होतं, दोनशेच का? तर म्हणाले, त्याहून दाट लावली तर घड नीट धरत नाहीत." हे सांगताना त्यांना नवऱ्याची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं. "चारशे खुंटांचं मला माहीत नाही. मी तुला खोटं बोल असं सांगितलेलं नाही. खरं बोल असंही सांगत नाही. ते मोंकोल बघतात."

थोंगइन नमस्कार करून उठला. बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की या घराण्याचं सगळं असंच चालतं. पापही कुणाच्या हातून होत नाही आणि करही कुणी भरत नाही, दोन्ही मोंकोल बघतात. आणि तरीही, छातीवर हात ठेवून सांगायचं तर, त्याचा राग काही टिकेना. फोन तर केलाच होता ना त्या माणसाने. त्या फोनमुळे सम्रुआय आज कढईपुढे उभी राहून त्याला टोमणे मारते आहे. त्याचं मन भरून आलं होतं, फक्त आता ते भरून आलेलं मन नेऊन ठेवायचं कुठे, हे त्याला कळत नव्हतं. बसमधल्या माणसांकडे तो टकामका बघत राहिला. इमारतीच्या बांधकामावरून परतणारी दोन पोरं, पिशवीत मासे घेतलेली बाई, सीटवरच झोपलेली नर्स. यांच्यातल्या कुणी दिलं असेल? आणि रांगेत मागे ढकलला गेलेला तो कोण? तो जगला असेल का?

घरी आल्यावर त्याने सम्रुआयला सांगितलं की उद्या मी खोटं बोललो नाही तर आपलं घर जाईल. तिने कढईतली केळी उलटली.

"आणि बोललास तर?"

"तर राहील."

"मग मला कशाला विचारतोस? माझ्या हृदयाला विचार, ते सगळ्यांच्या पैशांचं आहे," ती म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा गंभीर झाला. "सुरिनला माझ्या बहिणीकडे मागची खोली रिकामी आहे. गळते, पण आहे."

गुरुवारी सकाळी नऊ वाजता जिल्हा कार्यालयाची बाई आली. नाव सिरिन, सत्तावीस-अठ्ठावीसची, डोक्यावर टोपी, हातात फळी आणि तिच्यावर नकाशा. बरोबर मोंकोल होते, पाय उचलून टाकत. मोजायची पद्धत ठरलेली होती. दर रायमध्ये दोरीने एक चौकोन आखायचा, त्यातले खुंट मोजायचे, गुणायचे. सिरिन मन लावून काम करत होती. वाळलेलं पान दिसलं तर बाजूला करून खालचा मुनवा बघत होती, आणि दर चौकोनाला बरोबर निघालं की बरोबरची खूण करत होती. दहा राय झाली. चोख निघाली. थोंगइनला त्या दहा रायचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याची थोडी लाजही वाटली. दोन्ही एकाच वेळी.

मग सगळे कालव्याकाठी आले. दोन दिवसांच्या उन्हाने पानं माना टाकून लोंबत होती. सिरिनने दोरी आखली. मोजले. आकडा बरोबर, अगदी सरळ ओळी. तिने एका खुंटाकडे जरा वेळ बघितलं.

"ही केव्हा लावली, लुंग?"

मोंकोल नकाशाकडे बघत होते. कालव्यातून एक मालाची होडी फटफटत गेली. थोंगइन पुढे झाला, त्या खुंटाला मिठी मारावी तसे दोन्ही हात घातले आणि वर ओढला. चिखलातून फसकन खुंट बाहेर आला. खाली मूळ नव्हतं, कोयत्याचा सरळ काप होता.

"लावलेली नाहीत, बाई. मंगळवारी खोचली," तो म्हणाला. "ही दोन राय मोजू नका. इथली खरी केळी मी जत्रेसाठी तोडली. मालकांनी सांगितलं नव्हतं, चूक माझी."

सिरिनने मोंकोलांकडे पाहिलं. मोंकोलांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. ते चिडले नाहीत. आपल्याला याची कल्पना नव्हती, राखणदाराने परस्पर काही केलेलं दिसतंय, असं ते सिरिनला म्हणाले, आणि कालव्याकाठची दोन राय पडीक म्हणून लिहायला त्यांची काही हरकत नव्हती. मग ते थोंगइनकडे वळले आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले की महिनाअखेरपर्यंत खोल्या रिकाम्या करा, घाई नाही. फोन कानाला लावून ते फाटकाकडे चालू लागले.

सिरिन लिहायची थांबली. तिने टोपी काढली, परत घातली. तिचे कान लाल झाले होते.

"लुंग, मी नुसतं केव्हा लावली एवढंच विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही जुलै म्हणाला असतात तर मी जुलै लिहिलं असतं. मला संशय आला होता, तरी लिहिलं असतं. मागच्या आठवड्यात एके ठिकाणी लिहिलंही." ती खाली बघत होती. "तुमचं घर गेलं. कशासाठी केलंत हे?"

"माझ्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन तुम्ही लोकांनी केलंत," थोंगइन म्हणाला. "आठ वर्षं झाली. मला कालच कळलं."

"मी? मी तेव्हा कॉलेजात होते, लुंग. एक पैसा कमवत नव्हते."

"वडील काय करायचे?"

"बस चालवायचे. आठ नंबरची."

"मग त्यांनी केलं असेल."

तो खाली वाकला आणि त्याने हात जोडले. नाकाच्या शेंड्याला अंगठे टेकवून, जसे तो साहेबांच्या फोटोपुढे जोडायचा तसे. आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरीला म्हाताऱ्याने आधी हात जोडायचे नसतात. सिरिन गडबडली. फळी काखेत दाबून घाईघाईने तिनेही हात जोडले आणि त्याच्याहून खाली वाकायला लागली, तर थोंगइन आणखी खाली वाकला. चिखलात उभी राहून ती दोघं एकमेकांपुढे वाकत राहिली, शेवटी तिलाच हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"वडील आहेत ना अजून?" थोंगइनने विचारलं.

"आहेत. निवृत्त झाले. घरी असतात, गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करतात."

"घरी गेलात की सांगा त्यांना," तो म्हणाला. "म्हणावं, सम्रुआय बरी आहे."